निस्ताराचा हक्क आणि संगणकाचा परवाना

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि तें नांव त्यास शोभतें. वैनगंगेच्या खोऱ्यांतील या भाताच्या मुलखांत पूर्वजांनीं बांधलेले लहानमोठे तलाव आजहि जागोजागीं दिसतात. पाण्याची नेमकी वाट ओळखून पाळ घालण्याचें त्यांतील कसब बहुतांशीं कोहळी समाजाचें. सरकारी कागदांत यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. लोकांनीं त्याचा संक्षेप करून ‘मामा तलाव’ असें आपलेपणाचें नांव पाडलें आहे.

या नांवांतील ‘मालगुजारी’ या शब्दांत मोठा इतिहास आहे. इंग्रजी अमलापूर्वीं गांवचा पाटील हा सरकारसाऱ्याच्या वसुलीचा मक्ता घेणारा होता. १८६० नंतरच्या दशकांत मध्यप्रांतांत जी जमाबंदी झाली, तींत त्यास मालगुजार म्हणून गांवचा मालक ठरविण्यांत आलें. तलाव तोच, पाणी तेंच, पाळीवरचीं झाडेंहि तींच. परंतु कागदावरील एका ओळीनें जेथें मालकी नव्हती तेथें ती उत्पन्न झाली. मात्र ही मालकी देणाऱ्यांनीं एक गोष्ट शहाणपणाची केली. गांवकऱ्यांच्या जुन्या वहिवाटी, म्हणजे गुरांस पाणी, चराई, जळाऊ लाकूड इत्यादि, त्यांनीं लिहून ठेवल्या. या वहिवाटींस ‘निस्तार’ म्हणतात, आणि ज्या कागदांत गांवच्या अशा रीति नोंदल्या जात त्यास ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणत. निस्ताराचें तत्त्व सोपें आहे. मालकी दुसऱ्याची, वापर आपला. गरजेपुरतें घ्यावें, विकूं नये. १९५० च्या कायद्यानें, ३१ मार्च १९५१ पासून, मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. परंतु ‘निस्तार’ हा शब्द आमच्या खेड्यांतून अद्याप गेलेला नाहीं.

हा जुना इतिहास आज सांगण्याचें कारण, त्याच जातीचा एक प्रश्न याच जिल्ह्यांत आमच्यापुढें वेगळ्या वेषांत उभा राहिला, हें होय. वीस-बावीस वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं एका खासगी संगणकवर्गांत बसण्याचा आम्हांस योग आला. खोली लहान, कोपऱ्यांत कूलर, आणि भिंतीलगत दहा यंत्रें मांडलेलीं. वर्ग चालविणारा तरुण सालस होता. त्या दिवशीं एक यंत्र अडलें, तेव्हां त्यानें खणांतून ‘विंडोज ९८’ ची सीडी काढली आणि “फॉरमॅट मारतो, तासाभरांत होते,” असें सांगून तो कामास लागला. दहांहि यंत्रें याच एका सीडीवर चालतात काय, असें आम्हीं सहज विचारलें. तो म्हणाला, “हो जी. एका सीडीत दहा होतात, मग दहा कशाला घ्याच्या? अन् चोरीची नाही जी, बिल आहे माझ्यापाशी.” त्यानें तें बिल दाखविलेंहि. नांगर विकणारा लोहार तो किती शेतांत चालवणार हें विचारीत नाहीं, मग सीडी विकणारानें कां विचारावें, असा त्याचा सवाल होता. आम्ही निरुत्तर झालों. खरें सांगावयाचें तर आमच्या घरचें यंत्रहि तेव्हां एका स्नेह्याच्या सीडीवरच चालत होतें. त्या तरुणास द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर येथें देण्याचा विचार आहे.

संगणक सुरू होतांच प्रथम जागी होणारी आणि इतर सर्व कार्यक्रमांस आपल्या हाताखालीं वागविणारी जी मूळ प्रणाली, तिला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. ही स्वतंत्रपणें विकण्याची वस्तु आहे असें संगणकाच्या आरंभकाळीं कोणास वाटत नसे. मोठाले संगणक करणारी आयबीएम कंपनी यंत्राबरोबर कार्यक्रमहि देई, आणि त्यांची किंमत यंत्राच्या भाड्यांतच जमा असे. मक्तेदारीविरुद्धच्या खटल्याची छाया पडल्यावर तिनें २३ जून १९६९ रोजीं कार्यक्रमांची किंमत वेगळी आकारण्याचें जाहीर केलें. तरीहि मूळ प्रणाली कांहीं काळ यंत्राबरोबरच राहिली. पुढें लहान संगणक निघाले आणि हौशी मंडळी कार्यक्रमांच्या प्रती एकमेकांस वाटूं लागली. ३ फेब्रुवारी १९७६ रोजीं बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणानें या हौशी लोकांस एक उघडें पत्र लिहिलें. आपली ‘बेसिक’ ही भाषा वापरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं ती विकत घेतली, बाकीच्यांनीं चोरली, अशी त्यांतील तक्रार होती. यंत्राचे पैसे द्यावयाचे आणि त्यांतील बुद्धीचे मात्र द्यावयाचे नाहींत, ही रीत त्यास अन्यायाची वाटली. या तक्रारींत तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं.

कायद्यानें या नव्या वस्तूस मालक दिला तो हळूहळू. अमेरिकेनें १९८० सालीं संगणककार्यक्रमांस ग्रंथकर्तृत्वाच्या कायद्याचें, म्हणजे कॉपीराइटचें, स्पष्ट संरक्षण दिलें. तरी मूळ प्रणालीविषयीं शंका उरलीच होती. फ्रँकलिन नांवाच्या कंपनीनें ॲपलच्या प्रणालीची हुबेहुब नक्कल करून आपल्या यंत्रांत घातली, आणि मूळ प्रणाली हा ग्रंथ नव्हे, तो यंत्राचा एक भाग आहे, असा बचाव केला. वरिष्ठ न्यायालयानें ऑगस्ट १९८३ मध्यें हें म्हणणें फेटाळलें. मनुष्याच्या वाचनासाठीं न लिहिलेला, केवळ यंत्रानेंच वाचावयाचा मजकूरहि त्या दिवसापासून ग्रंथाच्या पंक्तीस बसला. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती होऊन संगणककार्यक्रमाची गणना ‘साहित्यकृतीं’त झाली. भंडाऱ्याच्या तलावांप्रमाणेंच येथेंहि वस्तु तीच राहिली आणि कागदाच्या ओळीनें मालकी उत्पन्न झाली.

नांगराच्या सवालाचें उत्तर याच ठिकाणीं आहे. नांगर दहा शेतांत फिरविला तरी नांगर एकच राहतो. पुस्तक दहा जणांनीं वाचलें तरी पुस्तक एकच राहतें. परंतु सीडींतील प्रणाली यंत्रांत उतरविली कीं तिची नवी प्रत तयार होते. दहा यंत्रांत उतरविली कीं दहा प्रती होतात. आणि प्रती करण्याचा हक्क तर कायद्यानें ग्रंथकर्त्यासाठीं राखून ठेवलेला. म्हणजे या वस्तूचा साधा वापर हाच परवानगीचा विषय होऊन बसतो. सीडीचें बिल सीडीपुरतेंच खरें असतें. प्रत करण्याची मुभा त्या बिलांत नसते, ती परवान्यांत असते. तो परवाना म्हणजे प्रणाली उतरवितांना पडद्यावर येणारा आणि ‘मान्य आहे’ म्हणून कोणीहि न वाचतां पुढें ढकलला जाणारा तो लांबलचक इंग्रजी मजकूर होय.

त्या मजकुरांत काय असतें तें आतां पाहूं. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांचे ढोबळमानानें तीन प्रकार आहेत. पहिला यंत्राबरोबर येणारा. हा स्वस्त पडतो, परंतु ज्या यंत्रावर तो प्रथम बसला त्यालाच चिकटलेला असतो. तें यंत्र भंगारांत गेलें कीं परवानाहि संपला; दुसऱ्या यंत्रावर तो नेतां येत नाहीं. दुसरा दुकानांतून सुटा घेतलेला. हा एका वेळीं एकाच यंत्रावर चालतो, परंतु जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर घालण्याची मुभा असते. तिसरा प्रकार संस्थांसाठीं घाऊक परवान्याचा. यांत किती यंत्रें तें मोजून पैसे भरावयाचे, आणि एकाच मूळ प्रतीवरून तीं सर्व यंत्रें सजवावयाचीं. यांतहि एक मेख आहे, ती पुष्कळांस ठाऊक नसते. घाऊक परवाना हा साधारणतः वरच्या पायरीचा परवाना असतो. त्याखालीं प्रत्येक यंत्रास आधीं एक पात्र असा मूळ परवाना असावा लागतो. कोऱ्या यंत्रांवर नुसता घाऊक परवाना घेऊन भागत नाहीं. यंत्रांची मोजणी अशा प्रकारें परवान्याच्या मुळाशींच आहे.

मोजणीचा हा सोस विकणारांनीं एकेकाळीं अतिरेकासहि नेला होता. मायक्रोसॉफ्टचा यंत्र बनविणाऱ्या कांहीं कंपन्यांशीं असा करार असे कीं, जितकीं यंत्रें बाहेर पडतील तितक्यांचे पैसे द्यावयाचे, मग त्यांत तिची प्रणाली घातलेली असो वा नसो. अमेरिकेच्या न्यायखात्यानें हात घातल्यावर जुलै १९९४ मध्यें कंपनीनें ही पद्धति सोडण्याचें कबूल केलें. तेव्हां परवान्याच्या अटी ही कांहीं देववाणी नव्हे; त्याहि न्यायाच्या कसोटीस लागतात, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

विंडोज ९८ पर्यंत ही मोजणी विश्वासावर चाले; पंचवीस अक्षरांची किल्ली एकदां हातीं आली कीं ती कितीहि यंत्रांस लागे. ऑक्टोबर २००१ मध्यें निघालेल्या ‘विंडोज एक्सपी’ पासून यंत्राच्या अंगलक्षणांशीं किल्लीची गांठ घालणारी नोंदणी सक्तीची झाली. मोठ्या संस्थांच्या घाऊक प्रतीस मात्र ही नोंदणी लागत नसे. म्हणून तशा प्रतींच्या किल्ल्या फुटून जगभर फिरल्या, आणि आमच्या तालुक्यांच्या बाजारपेठेंतहि ‘फॉरमॅट मारून देणारां’च्या खिशांत जाऊन पोंचल्या. ज्या सर्वसामान्य मनुष्यानें यंत्र दुरुस्तीस दिलें, त्यास आपल्या यंत्रांत काय आलें याची वार्ताहि नसे.

भारतीय कायदा याविषयीं काय म्हणतो तें पाहिलें तर त्यांत निस्तारासारखी एक जागा सांपडते. कलम ५२ प्रमाणें कार्यक्रमाची प्रत ज्याच्यापाशीं कायदेशीरपणें आहे, त्यास ज्या कामासाठीं ती मिळाली त्या कामासाठीं, तसेंच नाश झाल्यास हातीं असावी म्हणून, आणखी प्रत करतां येते. १९९९ च्या दुरुस्तीनें त्यांत आणखी भर पडली. स्वतः कायदेशीरपणें मिळविलेल्या प्रतीवरून व्यक्तिगत आणि बिगरव्यापारी वापरासाठीं प्रत करणें हा कायद्याच्या दृष्टीनें अधिकारभंग नव्हे. हें तत्त्व तलावाच्या निस्ताराचेंच आहे: घरच्या गरजेपुरतें घ्यावें, विकूं नये. परंतु फी घेऊन चालणारा वर्ग व्यक्तिगतहि नव्हे आणि बिगरव्यापारीहि नव्हे. त्यास या कलमाचा आडोसा मिळत नाहीं.

दंडाचें कलमहि कडक आहे. १९९४ च्या दुरुस्तीनें आलेल्या आणि मे १९९५ पासून लागू असलेल्या कलम ६३-ब प्रमाणें, बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणारास किमान सात दिवस ते तीन वर्षेंपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. नफ्यासाठीं वा व्यापारांत वापर झालेला नसेल, तर विशेष कारणें निकालांत नमूद करून न्यायाधीशास कैद माफ करतां येते आणि केवळ पन्नास हजारांपर्यंत दंड करतां येतो. या कलमांतील ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्या त्या तरुणापाशीं बिल होतें व मन स्वच्छ होतें. पण परवान्यावर ‘मान्य आहे’ म्हणून त्यानें दहादां बोट ठेविलें होतें. वाचतां न येणाऱ्या कागदावर अंगठा उठविणारा शेतकरी आणि हा तरुण यांत अंतर किती?

सर्वोच्च न्यायालयानेंहि या वस्तूचें स्वरूप दोन वेळां उकलून दाखविलें आहे. नोव्हेंबर २००४ मध्यें टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यांत, विक्रीकराच्या दृष्टीनें सीडींत भरून विकलेला कार्यक्रम हा ‘माल’ आहे, असें ठरलें. मार्च २०२१ मध्यें प्राप्तिकराच्या एका मोठ्या खटल्यांत न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, अशा परवान्यानें ग्राहकास ग्रंथकर्त्याच्या हक्कांपैकीं कोणताहि हक्क मिळत नाहीं. मिळते ती फक्त मर्यादित वापराची प्रत. त्या तरुणाचें ‘बिल आहे’ हें म्हणणें म्हणून खरें, आणि तरीहि अपुरें. त्यानें विकत घेतला तो माल. प्रती करण्याचा हक्क विक्रीस नव्हताच.

आतां दुसऱ्या प्रकारच्या परवान्याकडे वळूं. ‘युनिक्स’ ही प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मली. तिच्या मालक कंपनीस १९५६ च्या एका कराराप्रमाणें दूरध्वनीवांचून दुसऱ्या धंद्यांत पडतां येत नव्हतें. म्हणून तिनें विद्यापीठांस ही प्रणाली मुळाच्या मजकुरासह अल्प मोलांत दिली. ऑस्ट्रेलियांतील प्राध्यापक जॉन लायन्स यांनीं त्या मजकुरावर विद्यार्थ्यांसाठीं टीकाग्रंथ रचला. पुढें १९७९ सालच्या परवान्यानें तो मजकूर वर्गांत शिकविण्यास बंदी झाली, आणि मग त्या ग्रंथाच्या झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून जगभरचे विद्यार्थी तो गुपचुप वाचूं लागले. तो उघडपणें छापला गेला १९९६ सालीं. शिकण्याची तहान लागली असतां पाळ बांधून पाणी अडवितां येत नाहीं, हेंच यांतून दिसतें.

या अडवणुकीस उत्तर म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनीं सप्टेंबर १९८३ मध्यें ‘ग्नू’ ही मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ सालीं ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना लिहिला. त्याची युक्ति मोठी मार्मिक आहे. कॉपीराइटचा कायदा त्यानें नाकारला नाहीं. त्याच कायद्याच्या बळावर त्यानें उलट अटी घातल्या. प्रणाली कितीहि यंत्रांवर उतरवा, वाटा, बदला, विका सुद्धां. परंतु पुढें देतांना घेणारास हीच मुभा द्या आणि मुळाचा मजकूर झांकून ठेवूं नका. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ‘लिनक्स’ निर्माण केली. तिच्या पहिल्या परवान्यांत प्रतीबद्दल पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ मध्यें तिनेंहि हाच परवाना स्वीकारला. निस्तारांत जशी बंधनें असतात तशीं येथेंहि आहेत. फरक इतकाच कीं, हीं बंधनें यंत्रें मोजीत नाहींत.

आपल्या देशांतहि या मार्गाची वाट मळलेली आहे. केरळानें २००१ सालीं सुरू झालेल्या शालेय संगणकशिक्षणाच्या उपक्रमांत पुढें मुक्त प्रणाली स्वीकारली. सी-डॅकनें २००७ सालीं ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली आणि भारतीय भाषांस सोयीची प्रणाली बाहेर आणली. केंद्र सरकारनें २०१५ सालीं आपल्या कारभारांत मुक्त सॉफ्टवेअरास प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें. त्या तरुणाच्या दहा यंत्रांवर अशी प्रणाली असती, तर एका सीडींतून दहा काय, शंभर यंत्रें सजविण्यास कोणाचीच हरकत नव्हती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलक्यानें घेण्यासारखा नाहीं. सरकारी नोकरीसाठीं जी एमएस-सीआयटी परीक्षा आमचे तरुण देतात, तींत विंडोजचीच ओळख करून दिली जाते. कचेऱ्यांतून व दुकानांतूनहि तीच दिसते. लाखांदूरच्या किंवा पवनीच्या मुलानें लिनक्स शिकून काय करावें? शिवाय मुक्त प्रणाली फुकट मिळाली, तरी ती शिकविणारा मनुष्य फुकट मिळत नाहीं. छपाईयंत्र अडलें तर तें लावून देणारा तालुक्याच्या गांवीं सांपडेलच असें नाहीं. हें सर्व खरें आहे. म्हणून आमचें म्हणणें अमकीच प्रणाली घ्या असें मुळींच नाहीं. ज्यास विंडोज हवी त्यानें यंत्रें मोजून परवाने घ्यावे. ज्यास तें परवडत नाहीं त्यानें मुक्त प्रणाली घ्यावी. परंतु जें करावयाचें तें जाणून करावें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची सर्वसाधारण मदत बंद झाली, आणि नव्या ११ च्या अटींत न बसणारीं जुनीं यंत्रें शाळाशाळांतून आहेत. निवडीचा हा प्रसंग पुनः दारीं आलाच आहे.

या बाबतींत दोन गोष्टी व्हाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली, परवान्याच्या अटी मराठींत, सामान्य मनुष्यास समजतील अशा शब्दांत मिळाव्या. १८६० नंतरच्या जमाबंदीनें मालगुजारास मालक केलें तेव्हां निदान गांवाचा निस्तारहि लिहून ठेविला. बुद्धीच्या या नव्या मालकीस तें ओझें जड कां व्हावें? दुसरी गोष्ट आपल्या हातांतली आहे. प्रत्येक शाळेंत डेडस्टॉक रजिस्टर असतें आणि त्यांत प्रत्येक खुर्ची व टेबल टिपलेलें असतें. त्याच वहींत प्रत्येक संगणकापुढें चार रकाने आंखावे: कोणती प्रणाली, कोणत्या प्रकारचा परवाना, त्याचा पुरावा कोठें आहे, आणि तो यंत्र बदलल्यास चालतो कीं नाहीं. हें काम एका दुपारचें आहे. तीच त्या शाळेची वाजिब-उल-अर्ज होईल.

तो संगणकवर्ग आतां राहिलेला नाहीं. त्या जागीं मोबाईल दुरुस्तीचें दुकान आहे. तो तरुण पुनः भेटला तर आम्ही त्यास सांगूं कीं, तुझें बिल खरें होतें, पण तें तलावाच्या पाळीवरून फिरण्याचें होतें, पाणी उपसण्याचें नव्हतें. आणि हें तुला त्या दिवशीं कोणी सांगितलें नाहीं, यांत चूक तुझ्या एकट्याची नव्हती. आम्हीहि तेथेंच बसलों होतों.